घेऊ का गो बाय?

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची पनवेलला. नवी वही, नवं पेन, नवी नोकरी; जुनी फक्त मी. मिरजेच्या इस्पितळात व्यायाम विभागात अकरा वर्षं आया म्हणून काढली, तेव्हा ब्यूरोवाल्यांनी हे घरगुती काम सुचवल्यावर लगेच हो म्हटलं. एकच पेशंट, राहायला खोली, दोन वेळचं गरम जेवण. अजून काय पाहिजे?

घर नवीन पनवेलात, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट चालते आणि चाकाची खुर्ची तिच्यात मावते. मी सगळ्यात आधी हेच बघून घेतलं. सुशांतसाहेब न्हावा शेवाला एका शिपिंग कंपनीत आहेत, सकाळी साडेसातला निघतात. ऋचाताई घरूनच ऑफिसचं काम करतात, कानाला सतत हेडफोन. आणि त्यांची इरा. नऊ वर्षांची. जन्मापासून हातापायांवर ताबा नाही, मान कधी ऐकते, कधी नाही. पण डोळे असे की आपण चोरी केली नसली तरी कबूल करून टाकावी. तोंडाने दोनच शब्द येतात. ‘हं’ म्हणजे हो, ‘अंहं’ म्हणजे नाही. बाकीचं सगळं समोरच्या अक्षरांच्या तक्त्यावर उजवी मूठ टेकवून सांगते. एका शब्दाला दोन-तीन मिनिटं लागतात. घाईच्या माणसाने तिच्याशी बोलायला जाऊच नये.

मी तिला विचारलं, दुधात साखर घालू का. स्वयंपाकघरातून ऋचाताई म्हणाल्या, हो, एक चमचा. इराने माझ्याकडे बघून डोळे फिरवले. मग तक्त्यावर तिने माझ्यासाठी पहिलं वाक्य जुळवलं: नाव कोमल हात खरखरीत. मी म्हटलं, नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, तशातली गत आहे बाळा. केवढी हसली. आमचं जमणार.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज पहिली उचल. तिला घेऊन काट्यावर उभी राहिले, मग एकटी उभी राहिले, वजाबाकी केली. चोवीस किलो. एवढं मला झेपतं, पण झेपतं म्हणून कसंही उचलायचं नसतं. पलंग खुर्चीच्या उंचीला आणला, खुर्ची तिरकी लावली, ब्रेक दाबले, पायपट्ट्या बाजूला केल्या. एक हात मांड्यांखाली, एक पाठीमागून पलीकडच्या काखेखाली, पोर अगदी छातीशी. वाकायचं गुडघ्यातून, कमरेतून नाही. वळायचं ते पावलांनी. न्हाणीघरात मात्र दोघी लागतील, मी ऋचाताईंना स्पष्ट सांगितलं. ओल्या फरशीवर एकटीने उचलायचं नाही, मग आभाळ कोसळो. त्यांचा चेहरा जरा उतरला. मला वाटलं, नोकराणी आल्या आल्या हुकूम सोडते म्हणून असेल.

गंमत पुढेच आहे. मी सगळी तयारी करून उचलू का विचारलं, तर इरा अंहं म्हणाली. तीनदा विचारलं, तीनदा अंहं. मग तक्ता मागितला आणि लिहिलं: घेऊ का गो बाय. मी तसं विचारलं, तेव्हा कुठे राणीसाहेबांचा हं आला.

ऋचाताईंनी खुलासा केला. सहा वर्षं इथे बेबीमावशी होत्या, शिरढोणच्या. त्या असंच विचारायच्या आणि इराने हं म्हटल्याशिवाय तिला कधी हात लावायच्या नाहीत. एप्रिलमध्ये त्यांनी काम सोडलं. मधल्या बायका टिकल्या नाहीत; त्या न विचारताच उचलायच्या, बटाट्याचं पोतं असल्यासारख्या. मी म्हटलं, मावशी शहाणी बाई होती. अंग ज्याचं, त्याला विचारायला नको?

संध्याकाळी इराने तक्त्यावर ‘बेबी’ लिहिलं. ऋचाताई म्हणाल्या, गावाला गेल्यात ना, उद्या येतील. इतक्या सहज म्हणाल्या की हे रोजचंच असणार.

८ नोव्हेंबर, शनिवार

साहेबांना सुट्टी, म्हणून त्यांना दोघांनी मिळून उचलायचं शिकवलं. मोजायचं काम त्यांच्याकडे दिलं. ते म्हणाले, एक, दोन, साडेमाडे तीन. मी तीनची वाट बघत होते, हा माणूस ‘साडे’वरच निघाला. इरा अर्धी पलंगावर, अर्धी हवेत, आणि हसून हसून तिला उचकी लागली. बरं झालं, पलंगाच्या वरच होतो. कानाला खडा लावला: यापुढे साधं एक, दोन, तीन आणि तीनवरच उचलायचं.

दुपारी औषधं आणायला खाली गेले होते. परत आले तर इरा खिडकीपाशी खुर्चीत. पट्टा नीट लावलेला, डाव्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. मला बरं वाटलं, ऋचाताईंना शिकायची हौस आहे. पाठीला मात्र जपा, एकटीने उचलू नका, असं सांगायला गेले तर त्या मीटिंगमध्ये होत्या. साहेब झोपले होते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी दहाला कपडे वाळत घालून गॅलरीतून आत आले तर इरा मुख्य दारापाशी. पट्टा लावलेला. टॉवेल डाव्या गुडघ्याखाली. मी ऋचाताईंना म्हटलं, मला न सांगता हलवत जाऊ नका. त्यांनी हेडफोन काढला आणि म्हणाल्या, मी कशाला हलवू, तुम्हीच नाही का विचारलंत तिला? मी ऐकलं ना आतून, घेऊ का म्हणून.

मी विचारलं नव्हतं. मी गॅलरीत होते.

त्या चिडल्या, मीही आवाज चढवला.  इरा आमच्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हे मला आता लिहिताना जाणवतंय. खुश होती ती.

आणखी एक. संध्याकाळी उचलताना हाताला काहीतरी वेगळं लागलं. अकरा वर्षं माणसं उचललीत मी, हाताला वजन कळतं. काट्यावर उभी राहिले. बावीस. जेवते तर व्यवस्थित.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज इरा घराबाहेर सापडली. लिफ्टसमोर, खुर्चीत. दाराला आतून कडी होती. मी स्वतः ती कडी काढून बाहेर गेले.

खाली जाऊन बाळूला विचारलं, तो इथला वॉचमन. म्हणाला, "मी सकालपासून हितंच हाय बाई. कोन आला नाय नि कोन गेला नाय." खोटं बोलणारा माणूस वाटत नाही.

इराची पावलं गार पडली होती. मी चोळत बसले आणि विचारलं, कोणी आणलं तुला इथे? तिने तक्ता मागितला. बेबी. मग बराच वेळ मूठ फिरत राहिली. मी वाट बघितली. तिने लिहिलं: ती उचलते तेव्हा दुखत नाही.

मी उचलते तेव्हा तुला दुखतं? इराने खूप विचार केला. थोडं, असं लिहिलं. मग माझा चेहरा बघून घाईघाईने पुढे लिहिलं, कमी कमी होतंय. समजूत घालत होती माझी, नऊ वर्षांची पोर.

वजन एकवीस.

१६ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी घेऊन शिरढोणला गेले. म्हटलं, मावशीलाच विचारावं. चोरून येत असेल, चावी असेल तिच्याकडे. रिक्षात बसून मी मनाची अशीच समजूत घालत होते.

घर सापडलं. मावशींचा मुलगा जीवन बाहेर ट्रेलरची ताडपत्री शिवत बसला होता. बंदरात ट्रेलर चालवतो. इराचं नाव काढल्यावर त्याने सुई खाली ठेवली. "आय जाऊन तीन मयनं झालं," म्हणाला. दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी.

त्यानेच सगळं सांगितलं, न रागावता. एप्रिलमध्ये एकदा न्हाणीघरात मावशीने हाक मारली, इराला उचलायला हात द्या. ऋचाताई फोनवर होत्या, म्हणाल्या, दोन मिनिटं. मावशी थांबली. दोनाची वीस झाली. पोर ओली, गारठलेली, दात वाजायला लागलेले. मग मावशीने एकटीने उचलली. पाय सरकला. पडताना तिने पोर वर धरली आणि स्वतः पाठीवर आदळली. इराला खरचटलंसुद्धा नाही. मावशी परत उठून बसली नाही. अंथरुणातच पाठीला जखमा झाल्या, त्या पिकल्या, त्यातच गेली.

"आमी पैसं नाय मागितलं. आय बोलायची, पोरीला एकदा फोनवर दावा. त्यांनी दोनदा दावली. मंग फोन उचलाचाच बंद केला." इरा फोननंतर दिवसभर रडायची, म्हणून. आणि मावशी पडल्या पडल्या दुपारची दाराकडे तोंड करून विचारायची, घेऊ का गो बाय. हात असे पुढे करून. जीवनने करून दाखवलं. एक हात मांड्यांखाली, एक पलीकडच्या काखेखाली. बरोबर तसाच.

मी तिथे रडले. अनोळखी माणसाच्या ओट्यावर, ज्या बाईला कधी बघितलं नाही तिच्यासाठी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ऋचाताईंना सगळं सांगितलं. रविवारचं आणि खुर्चीचंही. खुर्चीच्या गोष्टीवर विश्वास बसला नाही त्यांचा. दोन मिनिटांच्या गोष्टीवर मात्र त्या स्वयंपाकघरात जमिनीवरच बसल्या. म्हणाल्या, मी रोज मोजते हो ती दोन मिनिटं. इराला सांगायची हिंमत झाली नाही, उद्या सांगू, उद्या सांगू म्हणून राहिलं. आणि मलाही बजावलं, तिला काही सांगायचं नाही. मावशीशिवाय तिचं दुसरं आहेच कोण?

वजन साडेवीस.

आता माझ्या ध्यानात येतंय. एप्रिलपासून या घरात इराला कोणी विचारलंच नव्हतं. मी आले आणि रोज चार-चारदा विचारायला लागले, मावशीच्याच शब्दांत. आणि इरा हं म्हणत राहिली. तो हं कोणा-कोणाला पोचत होता, मला काय माहीत. घेणं म्हणजे उचलणं, आणि घेणं म्हणजे नेणंही. हे माझ्या डोक्यात आधीच यायला हवं होतं.

ते शब्द बंद. आजपासून मी ‘उचलू?’ एवढंच विचारणार.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी साडेदहा. भर उजेडात.

मी इराच्या खोलीत चादरी काढत होते. इरा पलंगावर. मागून आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा, दमलेला, लाडाचा. घेऊ का गो बाय?

इरा म्हणाली, हं.

गादी कडेला दबली. दोन गुडघे टेकल्यासारखी. मग इरा वर उठली. आधी मांड्या आणि पाठ एकदम, मान सांभाळून, अंग कुठेही न लोंबता. माझ्यापेक्षा चांगली. मी धावले आणि तिला मिठी मारली, माझे हात आपोआप गेले ते मांड्यांखाली आणि काखेखाली. तिथे आधीच हात होते. गार. हाडं आणि कातडी. पण कसे धरलेले, काय सांगू, पोरीला एक चिमटा बसणार नाही असे.

मी ओढलं. इरा कळवळली.

त्याबरोबर ते हात सुटले. तिनेच सोडले. पोरीला दुखलं म्हणून तिने सोडलं, मी नाही सोडलं. सगळं वजन माझ्यावर आलं आणि मी पलंगावर बसले.

सगळं वजन म्हणजे किती. एकोणीस असेल. काट्याजवळ जायचा धीर नाही झाला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं. ऋचाताईंचा शब्द मोडला, मोडला. पोर उरली तर त्या मला रागावतील.

मावशी पडली तेव्हा ती तिथेच होती, ते तिला आठवत होतं. पुढचं सांगितलं. इराने लिहिलं: मेली? मी हो म्हटलं. रडताना तिला श्वास नीट घेता येत नाही, म्हणून तिला छातीशी धरून पाठ थोपटत राहिले. पाऊण तास. मग तिने तक्ता मागितला. उद्या येणार होती, असं लिहिलं.  ते खोटं तिच्याशी आम्हीच सगळे बोललो.

मग तिला समजावलं. मावशी वाईट नाही. पण ती जिथे आहे तिथे तुला नेतेय, थोडी थोडी. विचारल्याशिवाय ती कधीच उचलणार नाही, जन्मभराची सवय आहे तिची. तू अंहं म्हण. तुझ्या अंहंला ती मानेल.

तक्त्यावर मूठ कितीतरी वेळ थांबली. मग एकेक अक्षर. अंहं म्हटलं तर ती रडेल?

मी खोटं बोलले नाही. रडेल, म्हटलं.

नंतर विचारलं, तुला काय वाटतं, तुझं तू सांग. तिने लिहिलं: मला दहावा वाढदिवस पाहिजे. डिसेंबरात आहे. मला खारं वारं पाहिजे, बाबांचं ऑफिस बघायचंय, मोठे क्रेन.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आली. सव्वाअकराला.

घेऊ का गो बाय?

इराने माझा अंगठा तिच्या मुठीत धरला होता. अंहं, म्हणाली.

 मग परत विचारलं, हळू, आपण काही चुकीचं ऐकलं की काय असं वाटल्यासारखं. अंहं. इरा ओरडूनच म्हणाली.

 मग डाव्या गुडघ्याखालची गुंडाळी सरकली होती ती नीट झाली. बस.

दोघी रडलो. एक नाही म्हणायला शिकवलं पोरीला आणि तिचं काळीज फाडलं. वजन साडेएकोणीस. घटलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

तीन वेळा आली. तीन वेळा अंहं.

तिसऱ्यांदा इराने डोळे मिटून घेतले होते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

घरी डॉक्टर येऊन गेले. इराला विचारलं, झोप लागते का. ऋचाताई म्हणाल्या, हो, लागते. भूक? लागते की. दुखतं कुठे? नाही, तसं काही नाही. मी मध्येच बोलले, तिला बोलू द्या. डॉक्टर ओशाळले.

नंतर मी ऋचाताईंचे हात धरले. शब्दशः पाया पडले म्हणा. सांगितलं, तुमचा विश्वास असो नसो, इराला कोणी काही विचारलं तर तुम्ही तिच्या वतीने उत्तर द्यायचं नाही. कोणीही. काहीही. त्या म्हणाल्या, प्रयत्न करते. नऊ वर्षांची सवय आहे हो, कोमलताई, तोंडातून जातंच. तिला वेळ लागतो ना.

तिला वेळ लागतो, हे खरं. पण म्हणूनच थांबायचं, मी म्हटलं.

आज पाच वेळा. पाचही अंहं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आवाज आता दारातून येतो. मधल्या पॅसेजमधून. खोलीत येत नाही. नाही म्हटलेल्या घरात कसं यावं, असं.

इरा थकली आहे. पण खाल्लं. पोळी-भाजी, सगळी. वीस किलो. अर्धा वाढला. वाढला.

साहेबांनी कबूल केलंय, वाढदिवसाला बंदरावर नेतील.

२६ नोव्हेंबर, बुधवार

अकरा वाजलेत. इरा जागी आहे, खोलीत, मला इथून तिचे पाय दिसतात. मी हॉलमध्ये बसून लिहितेय. ऋचाताई स्वयंपाकघरात, मिक्सर चालू, फोन खांद्याला.

आली. पॅसेजमध्ये. घेऊ का गो बाय—

अंहं. म्हणाली इरा. ऐकलं मी. शाबास.

परत. अंहं.

आता गप्प आहे. गेली असेल.

नाही. परत विचारतेय. पण या वेळी आवाज वेगळीकडे— इराकडे नाही, स्वयंपाकघराच्या दाराशी. घेऊ का? एवढंच. माझ्यासारखं. नोकराणी मालकिणीला विचारते तसं—

मिक्सर थांबला. ऋचाताई म्हणाल्या, हो हो, घ्या ना कोमलताई, मला काय विचार—

मी तर इथे